घाणा कधीचा? सातारा ते सांगली वाटेवरचं संध्याकाळचं आणि रात्रीचं खाणं

सातारा, कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा, सांगली. एका संध्याकाळी निघून रात्री उशिरा संपणारी ही वाट. इस्लामपूरचं नाव आता ईश्वरपूर झालंय, पण ढाब्यावर पत्ता विचारला तर अजून इस्लामपूरच ऐकू येतं. या वाटेवरचे चार पदार्थ नावाजलेले: कंदी पेढा, काकवी, अख्खा मसूर आणि भडंग. चौघांचीही गोची एकच. चुकीच्या वेळी गाठले तर चारही साधारण लागतात. म्हणून इथे दुकानांची यादी दिलेली नाही. एकाच दुकानातला सकाळचा माल आणि परवाचा माल यांत जेवढा फरक असतो, तेवढा शेजारशेजारच्या दोन दुकानांत नसतो. पाटीवरचं नाव वाचण्याआधी ‘घाणा कधीचा?’, म्हणजे ही खेप कधी काढली, हे विचारावं.

सुरुवात साताऱ्यातून. उजेड असेतोवर समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढावा. फुलांचा हंगाम असेल तर गाड्या याच रस्त्याने कासला जातात, पण संध्याकाळच्या फेरीसाठी कासपर्यंत जायची गरज नाही. घाटातून मागे वळून पाहिलं की अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पसरलेलं सगळं शहर दिसतं. दिवे लागणीच्या आधीची वीस मिनिटं सर्वांत चांगली. डोंगराची कड अजून दिसत असते आणि खाली एकेक पेठ उजळत जाते. पूर्ण अंधार झाला की नुसते ठिपके उरतात. पावसाळ्यात इथे धुकं उतरतं, वळणावर दगड आलेले असतात, त्यामुळे कठड्याला लावून गाडी उभी करू नये.

खाली उतरून राजवाडा, मोती चौक. पेढ्याची दुकानं इथे दाटीने आहेत. कंदी पेढा म्हणजे खरपूस भाजलेल्या खव्याचा, कमी साखरेचा, रवाळ पेढा. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा पडतो. तो मंद आचेवर तांबूस होईपर्यंत परततात, साखर आणि वेलदोडा घालून घोटतात आणि वळतात. धारवाडच्या पेढ्यासारखी त्याला वरून साखर लावलेली नसते. चव साखरेची नसून भाजण्याची असते, आणि बहुतेक फसवणूकही तिथेच होते. खवा भाजायला वेळ आणि जळण लागतं. जळलेल्या साखरेचा पाक घातला की रंग पाच मिनिटांत येतो. रंगावर जाऊ नये, गडद पेढा जास्त भाजलेला असेलच असं नाही. पेढा मोडून पाहावा. आत रवा दिसला, बोटाला तूप लागलं आणि कण सुटे राहिले तर खवा नीट परतलेला आहे. बोटाला चिकट ओढ लागली आणि गिळल्यावर जिभेच्या मागे कडवट राहिलं, तर तो रंग साखरेचा. पिठाची शंका असेल तर घरी आणल्यावर पेढ्याचा तुकडा पाण्यात उकळून गार करावा आणि टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. निळंकाळं झालं तर त्यात स्टार्च आहे.

गरम पेढा मिळाला म्हणून खूश होऊन लगेच खोक्यात बंद करून घेऊ नये. वाफ झाकणाला लागते, पाणी पेढ्यावर पडतं आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. गार झालेला, पण त्याच दिवसाचा पेढा घ्यावा. डिकीतही ठेवू नये. उन्हाळ्यात डिकी तापते, तूप सुटून खालच्या कागदात मुरतं आणि पेढा कोरडा पडतो. पायाशी, एसीच्या झोतात ठेवावा. उन्हाळ्यात चार दिवस, थंडीत आठवडाभर ठीक राहतो. फ्रिजमध्ये ठेवला तर खायच्या तासभर आधी बाहेर काढावा. थंड पेढ्यात गोठलेल्या तुपाखाली भाजलेली चव दबून जाते. याच वाटेने परत यायचं असेल तर सरळ परतीलाच घ्यावा.

साताऱ्याहून कराड पन्नासेक किलोमीटर. शेंद्रे ते कागल या पट्ट्यात महामार्गाच्या सहापदरीकरणाची कामं निघाली, तेव्हापासून सेवारस्ते आणि वळणं बदलत राहिलीत. नकाशाचं अॅप जुनं वळण दाखवत असेल तर समोरच्या बॅरिकेडवर विश्वास ठेवावा. नोव्हेंबर ते मार्च त्याहून मोठा धोका उसाच्या ट्रॉल्यांचा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागचा दिवा बहुतेक नाहीच, आणि बाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांनी रिफ्लेक्टर झाकलेला. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात ट्रॉली दिसतच नाही, एकदम समोर उभी ठाकते. पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंतच्या रस्त्यावर रात्री ताशी साठच्या वर जाऊ नये. रस्त्यावर ऊस सांडलेला दिसला की पुढे ट्रॉली आहे असं समजावं.

कराडला प्रीतिसंगम. उत्तरेकडून कृष्णा आणि समोरून कोयना, दोन्ही नद्या समोरासमोर येऊन भिडतात आणि पूर्वेकडे वळतात. असा संगम क्वचितच पाहायला मिळतो. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच आहे. भेळ खाऊन निघावं. भेळ ठीकच असते, इथे यायचं ते नदीसाठी.

हंगामात कराडच्या आसपास रस्त्यालगत गुऱ्हाळं लागतात. चिपाडाच्या धुराचा आणि उकळत्या रसाचा वास आला की गाडी बाजूला घ्यावी. गुऱ्हाळात घाणा म्हणजे रस काढायचा चरक, आणि काहिलीच्या, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईच्या, एका खेपेला म्हणतात आधण. त्यामुळे इथे प्रश्न बदलतो: ‘आधण कधी उतरणार?’ रस काहिलीत उकळायला लागला की भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढत राहतात. मळी नीट काढली नाही तर गूळ काळपट होतो आणि पुढे पाणी सोडतो. रस आटत १०५-१०६ अंशांवर आला की काकवी होते, ११८ च्या आसपास गूळ. म्हणजे काकवी मिळायची वेळ मधली आणि थोडकीच. आधण उतरल्यावर पोहोचलात तर ती बरणीतली मिळते. तीही चालते, पण काहिलीतून काढलेल्या काकवीचा वास तिला नसतो. स्टीलचा डबा सोबत न्यावा. गरम काकवी प्लास्टिकच्या बाटलीत भरली की बाटली आकसते. गूळ घेताना पिवळाधमक, लखलखीत गूळ पाहून हुरळून जाऊ नये. तसा रंग बहुतेक हायड्रोस या रंग उजळवणाऱ्या रासायनिक पावडरीने आणलेला असतो. बिनरसायनाचा गूळ तपकिरी असतो आणि दिसायला अगदीच साधा.

आता मुख्य पदार्थाकडे. कराडपासून इस्लामपूर-सांगलीपर्यंत पाट्यांवर मोठ्या अक्षरात एकच शब्द असतो: अख्खा मसूर. नाव ऐकून बाहेरचा माणूस डाळ समजतो आणि तिथेच चुकतो. सालीसकट, न भरडलेला मसूर, घट्टसर आणि झणझणीत. रोटीने उचलून खायचा, भाताबरोबर नाही.

चांगल्या अख्ख्या मसुरात दाणा ताटात उभा दिसतो आणि दोन बोटांत दाबला की पिठूळ फुटतो. त्यासाठी मसूर तास-दीड तास भिजवून बेतशीर शिजवावा लागतो. घरी कुकरला दोन शिट्ट्या पुरतात. ढाब्यावर मोठ्या पातेल्यात दुपारीच शिजवून ठेवतात आणि ऑर्डर आली की कढईत फोडणी देतात. ही पद्धत योग्यच आहे, फक्त दुसरा टप्पा खरोखर व्हायला हवा. एका ताटाला अंदाजे दोन मोठे चमचे तेल, एक मध्यम कांदा बारीक चिरून, सात-आठ ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, अर्धा टोमॅटो, दीड छोटा चमचा कांदा-लसूण चटणी आणि वाटीभर शिजलेला मसूर. यातला चमचाभर मसूर कढईतच पळीने चेचला की रस्सा आपोआप दाट होतो, वेगळं काही घालावं लागत नाही. चटणीत ब्याडगी मिरचीने रंग येतो आणि संकेश्वरी मिरचीने तिखटपणा. नुसता लाल आणि तिखट नाही, असा मसूर आला तर चटणीत ब्याडगीच जास्त आहे.

बिघडतो कुठे? पहिली चूक सोड्याची. लवकर शिजावा म्हणून सोडा घातला की साल सुटते, दाणा विरतो आणि चव साबणासारखी होते. दुसरी चूक जुन्या मसुराची. वर्षापलीकडचा मसूर सारखा शिजत नाही, काही दाणे पिठूळ तर काही दाताखाली कचकन लागतात. तिसरी चूक आता सर्वांत जास्त दिसते: पनीरसाठी करून ठेवलेली लाल ग्रेव्हीच मसुरात ओततात. चव गोडसर लागली, मागे काजू-टोमॅटोचा वास आला, की तुम्ही मसूर नाही, पनीर मसाल्याची बिनपनीरची आवृत्ती खाताय. चौथी, पुन्हा पुन्हा गरम केलेला. तेल कडेला गडद लाल होऊन सुटलेलं, कांद्याचा तुकडा दिसतच नाही आणि टोमॅटो आंबट झालेला. ताज्या फोडणीत कांद्याचे तुकडे अजून ओळखू येतात आणि ताट टेबलावर यायच्या आधीच लसणाचा वास येतो.

म्हणून वेळ. रात्री साडेसात ते नऊ. तंदूर पेटलेला असतो, पातेलं अर्धं झालेलं असतं, कढई थांबत नाही. साडेदहानंतर पातेल्याच्या तळाचा मसूर येतो. तो आटून घट्ट झालेला असतो, मग पाणी घालून सैल करतात आणि मीठ-चटणीचा तोल जातो. रविवारी आणि लग्नसराईत फोडणी एकेका ताटाची न देता दहा ताटांची एकदम देतात. तेव्हा सोमवार-मंगळवार बरा. ट्रक थांबतात तिथे जेवण चांगलं, हा समज बाजूला ठेवावा. ट्रक थांबतात ते जागा ऐसपैस असते, पाणी मिळतं आणि झोपायला बाज मिळते म्हणून.

रोटी एका वेळी एकच मागवावी. तंदूर रोटी पाच मिनिटांत वातड होते, चार एकदम घेतल्या तर चौथी चघळावी लागते. गव्हाची की मैद्याची हे विचारून घ्यावं, कारण न विचारता बहुधा मैद्याची येते. मसुराबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा, लिंबू आणि दही. लिंबू ताटात पिळण्याऐवजी घासावर पिळावं, नाहीतर शेवटी सगळं आंबट होतं. तिखट लागलं तर पाणी पिऊ नये, दही खावं. लहान मुलं बरोबर असतील तर ‘मीडियम’ म्हणू नये, इथलं मीडियमही घाम काढतं. ‘चटणी अर्धी टाका’ म्हणावं, ते लगेच कळतं. वांग्याच्या दिवसांत कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत असेल तर एक प्लेट घ्यावी. पनीरची पानं उघडूच नयेत.

जेवणानंतर इस्लामपूर सोडताना साखराळ्याच्या राजारामबापू कारखान्याचा परिसर. हंगामात रात्रभर दिवे, वाफेचे लोट, रांगेत उभ्या ट्रॉल्या आणि मळीचा जड गोड वास. काहींना तो वास सोसत नाही, त्यांनी काचा वर घ्याव्यात. पुढे आष्टामार्गे सांगली. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा. रात्री काठावरून त्याच्या कमानी पाण्यात दिसतात, पण पाणी चढलेलं असेल तर घाटाच्या पायऱ्या उतरू नयेत.

सांगलीत रात्री भडंग घेऊ नये. दुकानं उघडी असली तरी उरलेला असतो तो सकाळचा किंवा कालचा माल. सकाळी नऊ-दहाला जावं. भडंगाचे चुरमुरे भेळेच्या चुरमुऱ्यांपेक्षा मोठे आणि हलके असतात, त्यामुळे दमटपणाही लवकर धरतात. घरी करायचं तर पाव किलो चुरमुऱ्यांना अंदाजे अर्धी वाटी तेल, वाटीभर शेंगदाणे, वीस सालासकट ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, मूठभर कढीपत्ता, हळद, दोन छोटे चमचे तिखट, मीठ आणि चमचाभर पिठीसाखर. लसूण कुरकुरीत होईपर्यंत तळायलाच हवा. कच्चट राहिला तर त्याचं पाणी चुरमुऱ्यांत उतरतं आणि संध्याकाळपर्यंत भडंग मऊ पडतं. तिखट मात्र गॅस बंद करून मगच तेलात घालावं, तापत्या तेलात ते जळून काळं पडतं.

विकत घेताना पाकीट कानाशी हलवून पाहावं. आवाज कोरडा, खुळखुळता यायला हवा. दबका आला तर ठेवून द्यावं. तारीख ताजी असली तरी एक शेंगदाणा चावून पाहावा, कारण तेल खवट झालं की आधी शेंगदाण्यात कळतं. खाली लाल तिखटाचा थर साचलेला असेल तर माल बरेच दिवस पडून आहे. पाकीट उघडल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावं. मऊ पडलंच तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर पाच मिनिटं परतून, पूर्ण गार झाल्यावरच डबा लावावा.