लोअर आर्म : नुसते बुश बदलावेत की पूर्ण आर्म?

जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांकडून खड्ड्यांत खडखडाट ऐकू येऊ लागला, की म्हापसा-फोंड्याच्या गॅरेजांत लोअर आर्मसाठी, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यासाठी, बहुधा हे दोन पर्याय पुढे येतात. आर्म सांगाड्याला जोडतो तिथले नुसते रबरी बुश (धक्के शोषणारे रबरी तुकडे) बदलणे स्वस्त पडते. परंतु ते सरळ बसवण्यासाठी प्रेस (दाब देऊन भाग बसवणारे यंत्र) लागतो, आणि हातोड्याने ठोकून बसवणाऱ्याकडे हे काम देऊच नये. आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा, म्हणजे बॉल जॉइंटही ढिला असेल, किंवा खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे आर्मच्या पत्र्याचे पापुद्रे सुटत असतील, तर बुश व बॉल जॉइंटसह येणारा पूर्ण आर्मच घ्यावा. मात्र हलक्या प्रतीच्या नव्या आर्मपेक्षा सुस्थितीतल्या जुन्या आर्ममध्ये चांगले बुश केव्हाही बरे. बुशांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळावेत, अन्यथा रबर पिळलेले राहून लवकर फाटते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासून घ्यावे.