गॅरार्ड 301 च्या धातूभागांवर ब्रासो: कुठे लावावे, कुठे हात आवरावा

समई, दारावरची पितळी पाटी आणि एनसीसीच्या पट्ट्याचे बक्कल यांच्यासाठी आपल्याकडे ब्रासो अनेक घरांत असतेच. 1905 पासून ब्रिटनमध्ये विकले जाणारे हे पॉलिश त्याच देशातील स्विंडन येथे तयार झालेल्या गॅरार्ड 301 या टर्नटेबलला (रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्राला) कितपत मानवते, हे पाहण्यासाठी मी ते माझ्या यंत्रावर वापरले. प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ज्यावर ठेवतात त्या फिरत्या तबकडीच्या, कडेवर त्याने उत्तम काम केले. मात्र या यंत्राचे इतर बहुतेक भाग ब्रासोसाठी नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे.

301 चा प्लॅटर ओतीव ॲल्युमिनियमचा असून त्याची कड लेथवर कातलेली असते. दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्राच्या कडेवर पांढुरके डाग आणि मळकट करडेपणा येतो. ब्रासोमधील बारीक खरखरीत पूड हा थर घासून काढते, आणि त्यातील अमोनिया, ज्याचा उग्र दर्प बाटली उघडताच नाकात शिरतो, तो प्रामुख्याने पितळ व तांबे यांच्या काळपटपणावर उपयोगी पडतो. ॲल्युमिनियमवर खरे काम पुडीचेच. फडके लगेच काळे होते. हा केवळ मळ नसून घासून निघालेला धातूही असतो, त्यामुळे फडके काळे होणे थांबेपर्यंत घासत राहण्याचा मोह टाळावा.

मऊ सुती फडक्यावर थोडेसे ब्रासो घेऊन कातकामाच्या रेषांच्याच दिशेने, म्हणजे कडेच्या गोलाईला धरून, हात फिरवल्यास मूळ रेषा टिकून राहतात आणि लकाकी कारखान्यातून आल्यासारखी, थोडी संयत दिसते. आडवे घासल्यास उजेडात चरे दिसतात. आरशासारखी चमक हवी असल्यास बफिंगवाल्याकडे जावे लागेल, पण माझ्या मते ते या यंत्राला शोभत नाही. शिवाय जोरात बफ मारल्याने धारदार कडा गोलावतात आणि एकाच बाजूने जास्त धातू निघाला तर प्लॅटरचा तोलही बिघडू शकतो. ज्या प्लॅटरच्या कडेवर स्ट्रोबच्या (वेग तपासण्याच्या) खुणा आहेत, तिथे खुणांच्या मधल्या जागेत ब्रासोची पांढरी पूड साचते आणि ती वाळण्यापूर्वी मऊ टूथब्रशने काढावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि या पॉलिशचा सर्वांत मोठा दोष मी त्यालाच मानतो. पेस्टच्या स्वरूपातील पॉलिश इतके ओघळत नाही, म्हणून अशा प्लॅटरसाठी तेच बरे.

काही जण प्लॅटर जागेवरच ठेवून, मोटर चालू करून, फिरत्या कडेला फडके टेकवतात. मेहनत वाचते हे खरे, पण या यंत्रात रबरी आयडलर व्हील प्लॅटरच्या आतल्या कडेला टेकून त्याला फिरवते. पॉलिशचा एखादा थेंब तिथे पोहोचला तर चाक घसरते, वेग अस्थिर होतो आणि लांबवलेला सूर डळमळू लागतो. म्हणून प्लॅटर उचलून बाहेर काढावा, आतली कड कोरड्या कापडाने झाकावी आणि काम संपल्यावर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. मोटरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीलाही हाच नियम लागू आहे: तिला चमकवायचे नाही, फक्त स्वच्छ करायचे.

चासीच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य सांगाड्याच्या, हॅमर फिनिश रंगावर ब्रासो अजिबात लावू नये; उंचवटे घासले जातात आणि तो खडबडीत पोत पुन्हा आणणे साध्या रंगाऱ्याचे काम नाही. जिथे क्रोमचा पातळ थर आहे तिथे साबणाचे पाणी पुरते. ॲनोडाइझ केलेल्या टोनआर्मवर (सुई धरणाऱ्या दांडीवर) तर कोणतेही घासणारे पॉलिश नको, कारण तो रंग म्हणजे धातूवरचा पातळ थरच असतो आणि एकदा उडाला की तेवढ्या जागी फिका पट्टा उरतो.

चमक टिकवण्यासाठी कडेवर गाडीच्या मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. मात्र प्लॅटरच्या मध्यावरील निमुळत्या छिद्राला आणि ते ज्यावर बसते त्या निमुळत्या स्पिंडलला पॉलिश किंवा मेण लागू देऊ नये. तिथला बसाव जराही बदलला तर प्लॅटर डुलत फिरतो.