आधी जादूचे नियम, की आधी माणसं?

स्वतःची फॅंटसी कथा लिहायला घेतली की पहिल्या महिन्यातच हा प्रश्न समोर येतो. जादूची व्यवस्था आधी पक्की करून मग तिच्यात माणसं सोडायची, की माणसं आधी उभी करून जादू त्यांच्यामागून येऊ द्यायची? पक्क्या नियमांची जादू म्हणजे हार्ड मॅजिक, नियम मोघम ठेवलेली ती सॉफ्ट मॅजिक, एवढं धरून चालतो. मी दोन्ही वाटांनी एकेक कादंबरी लिहायला घेतली. एक पुरी होऊन कपाटात आहे, दुसरी चालू आहे. म्हणजे पुढचं सगळं दोन हस्तलिखितांच्या अनुभवावरचं आहे, तेवढ्याच वजनाने घ्या.

पहिलीत सुरुवात नियमांपासून केली. माझं आजोळ दाभोळच्या खाडीकाठचं. तिकडे भरतीची वेळ काढायचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. भरती रोज पाऊण तासाहून जराशी जास्तच पुढे सरकते, त्यामुळे काही मिनिटं इकडेतिकडे होतात, पण होडी काढायला एवढा हिशेब पुरतो. मामा तो बोटांच्या पेरांवर करायचा, बोलता बोलता. त्याच्याकडे बघूनच मला जादू सुचली. भरती पूर्ण असताना दोन घटका खाडीचं पाणी माणसाचं ऐकतं, त्यानंतर नाही.

मग वही सुरू झाली. उधाणाच्या मोठ्या भरतीला किती ताकद, भांगाच्या लहान भरतीला किती. नदीच्या वरच्या अंगाला भरती उशिरा पोचते, तर तिथली वेळ वेगळी धरायची का. विहिरीचं पाणी ऐकेल का. ग्रहणात काय. आठ महिने मी हेच करत होतो आणि ते दिवस फार आनंदात गेले, हे कबूल केलं पाहिजे. नियम रचण्यात एक स्वच्छ सुख असतं. रोज काहीतरी पुरं होतं.

या वाटेचा खरा फायदा शेवटाकडे कळतो. वाचकाला मर्यादा आधीपासून माहीत असली की तिचा उपयोग करून घेता येतो. कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेलं अस्त्र, वासवी शक्तीच बघा. ती एकदाच चालणार, हा एवढाच नियम. तो आपल्याला ठाऊक असतो म्हणूनच चौदाव्या दिवसाच्या रात्री ती घटोत्कचावर सुटते तेव्हा अर्जुन वाचला हे कोणी सांगावं लागत नाही. अख्ख्या पांडवसेनेत कृष्ण एकटाच का हर्षला, तेही लगेच कळतं. असा शेवट साधायचा असेल तर नियमांना पर्याय नाही. पाच-सहा भागांची मालिका लिहायची असेल, दोघा-तिघांनी मिळून एक जग उभं करायचं असेल, तरीही मी वही आधी काढा असंच म्हणेन. पहिल्या भागात लिहिलेलं चौथ्या भागात आठवत नाही.

पण ही वाट मला ज्याने नकोशी केली ते सांगतो.

पहिल्या कादंबरीचा नायक भिवा, तरीवाल्याचा, म्हणजे होडीतून खाडी पार करून देणाऱ्याचा, धाकटा मुलगा. अक्षय्य तृतीयेला बापाच्या नावाने पाण्याचा घट दिला जातो आणि त्याच संध्याकाळी दोघा भावांचं बापाच्या होडीवरून भांडण होतं. थोरला रागाने होडी लोटून निघून जातो. भिवाने त्याला तिथल्या तिथे, पाण्याला हाक मारून, परत ओढायचं होतं. मला तो प्रसंग पहिल्या दिवसापासून दिसत होता. पण तृतीया म्हणजे तिनाची पाऊणपट सव्वादोन. दिवेलागणीला खाडी जवळजवळ रिकामी, काठाला नुसता चिखल. संध्याकाळी सात-साडेसातला भरती हवी तर दशमी गाठायला हवी.

मी भांडण हलवू शकत नव्हतो, कारण ते बापाच्या घटाशी बांधलेलं होतं. म्हणून हाक हलवली. भिवा सात दिवस थांबला. मधल्या दिवसांसाठी मी त्याला जाळी दुरुस्त करायला लावलं.

ताईने ते प्रकरण वाचलं आणि विचारलं, "अरे, हा आठवडाभर काय करत होता? याचा भाऊ गेलाय ना?"

मी तिला भरतीचा हिशेब सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला. "हिशेब बरोबर आहे रे," ती म्हणाली, "पण मला आता हा मुलगा आवडत नाही."

तुम्ही म्हणाल, ओहोटी आहे म्हणून तो काही करू शकत नाही, हेच तर नाट्य. बरोबर आहे, मी तसंही लिहून पाहिलं. चिखलात गुडघाभर रुतून हाका मारणारा भिवा एकदा चांगला वाटतो. पण पुस्तकात असे 11 प्रसंग होते, आणि प्रत्येक ठिकाणी काय होणार ते पंचांग ठरवत होतं. भिवा भित्रा असता तरी तेच झालं असतं, धाडसी असता तरी तेच. कुठेही अडलो की मी वही उघडायचो. या मुलाला आत्ता काय वाटत असेल, हा विचार करायची सवयच गेली. माझ्यासाठी निकाल तिथे लागला. दुसऱ्या कोणाला ही अडचण कदाचित येणारही नाही.

दुसऱ्या वेळी एक बाई घेतली आणि नियम एकही नाही. जिजी, तरीवरची म्हातारी, जिच्या तोंडी तीळ भिजत नाही. गावात कोणाचं काय चाललंय ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं ते तिच्यामुळे. तिच्याबद्दल तीन आठवडे नुसतं लिहीत राहिलो: ती कोणाकडे तंबाखू मागते, कोणाकडे मागत नाही, सुनेशी बोलताना पदर कसा सारखा करते. आणि एक दिवस जादू आपोआप समोर आली. जिजी कोणाचंही बोललेलं वाक्य ऐकणाऱ्याच्या मनातून पुसू शकते, पण मग ते तिला एकटीला जन्मभर लक्षात ठेवावं लागतं, आणि ते तिच्या तोंडून गेलं की पुसलेलं सगळं परत येतं. ही किंमत दुसऱ्या कोणाला फारशी जड गेली नसती. जिजीला ती जीव घेणारी आहे.

कच-देवयानीची गोष्ट मला याच कारणासाठी पुन्हा पुन्हा आठवते. संजीवनी विद्येचा पेच तर केवढा सुंदर आहे! कचाची राख मद्यातून शुक्राचार्यांच्या पोटात गेलेली. त्याला जिवंत करायचं तर पोट फाडून बाहेर येणार आणि गुरू मरणार. म्हणून आधी त्याला पोटातच विद्या शिकवायची, म्हणजे बाहेर आल्यावर तो गुरूला उठवेल. नियमांचा असा चोख वापर क्वचित दिसतो. पण ही सगळी खटपट कशामुळे? देवयानी हटून बसली म्हणून. आणि पुढे ती विद्या कचाला फळत नाही, तीही कुठल्या तांत्रिक मर्यादेमुळे नाही. त्याने तिला नाकारलं आणि तिने शाप दिला, म्हणून. मग तो म्हणतो, मला नाही फळली तरी मी ज्याला शिकवेन त्याला फळेल. म्हणजे नवा नियमही दोन दुखावलेल्या माणसांच्या बोलण्यातूनच जन्मला.

या वाटेतही खड्डे आहेत, ते लपवत नाही. नवव्या प्रकरणाशी ताईनेच अडवलं: जिजी विसरायला लावू शकते, तर मग तिने खोतालाच कर्ज का विसरायला लावलं नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन प्रकरणं मागे जाऊन पुन्हा लिहावी लागली. शेवटी एक ओळ घातली की ते वाक्य जिजीने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असलं पाहिजे, आणि खोताचं कर्ज तर कागदावर. असे नियम मी मागाहून तीन केले, सगळे कोणीतरी शंका काढल्यावर. वही असती तर ही धावपळ वाचली असती, हे खरंच.

तरी पुन्हा निवडायची वेळ आली तर मी जिजीच्या वाटेनेच जाईन असं वाटतं. तीन प्रकरणं पुन्हा लिहिता आली. भिवाचे ते सात दिवस मात्र मी चार वेळा लिहूनही भरून निघाले नाहीत. तुमच्या डोक्यात आत्ता नकाशा किंवा एखादा पेच आधी येत असेल, तर तुमचं उत्तर वेगळं असू शकतं. एखाद्या माणसाचा आवाज ऐकू येत असेल तर मात्र थोडे आठवडे वही बाजूला ठेवून बघा.

सध्या बारावं प्रकरण चालू आहे. जिजीच्या सुनेने रागाच्या भरात नवऱ्याला सांगू नये ते सांगितलं, आणि जिजीने ते त्याच्या मनातून पुसलं. आता मुलगा रोज जेवताना विचारतो, आई, तू हल्ली गप्प का? काल रात्री ती वाटीतलं कालवण ढवळत बराच वेळ बसली होती. तिथेच थांबलोय. ती सांगेल असं मला दोन दिवस वाटत होतं, आज तसं वाटत नाही.