डिसर्टेशनसाठी गुगल फॉर्म की दुकानाची पायरी?

ई-बिझनेसमध्ये डिसर्टेशनचा विषय एकदा ठरला की प्रश्नावली फिरवायची की मुलाखती घ्यायच्या, इथे बहुतेकांचं अडतं. मी दोन्ही करून पाहिलं. माझा विषय होता पुण्यातल्या किराणा दुकानांत यूपीआय कसं रुळलं.

प्रश्नावलीचा सांगाडा आयता मिळतो, हे मान्यच करायला हवं. लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात हे सांगणारं डेव्हिसचं १९८९ चं मॉडेल घ्या, उपयुक्तता आणि वापरातली सोय यांवरचे ठरलेले प्रश्न घाला, क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.७ च्या वर गेला की गाईड खूश. तक्त्यांनी पानंही भरतात.

मला वैताग आला तो एकाच गोष्टीचा: लोक फॉर्म वाचतच नाहीत. लिंक ग्रुपवर टाकली तर तासाभरात ‘भरला रे, आता माझाही भर’ सुरू. दुकानदारांच्या नावावर त्यांच्या भाच्यांनी गोल काळे केले. मी मुद्दाम एक उलटा प्रश्न घातला होता. ‘क्यूआरमुळे व्यवहार सोपा होतो’ आणि ‘क्यूआरमुळे कटकट वाढते’, दोन्हींना एकच माणूस ‘पूर्णपणे सहमत’! गंमत म्हणजे तो उलटा प्रश्न काढला की अल्फा झक्कास यायचा. कुणी सगळीकडे चार, कुणी सगळीकडे तीन म्हटल्यावर उत्तरं जुळणारच की. तो आकडा छापायचं माझ्या जिवावर आलं.

मग बारा दुकानांच्या पायऱ्या चढलो. पहिल्याच काकांनी विचारलं, “त्या बोलणाऱ्या डब्याचं भाडं दर महिन्याला कापतात, ते कुठे लिहिलंयस?” डबा म्हणजे पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला एमडीआर (व्यवहारामागे त्याच्याकडून कापलं जाणारं शुल्क) शून्य, म्हणून लिटरेचर रिव्ह्यूत मी बेधडक ‘विनाखर्च’ लिहून बसलो होतो. डेव्हिसच्या मॉडेलमध्ये खर्चाला जागाच नाही. यूटीएयूटी या अशाच मॉडेलच्या २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत किमतीचा विचार आला, तोही ग्राहकाच्या बाजूने. माझं चौथं प्रकरण त्या डब्यातून निघालं.

मुलाखतींचा त्रास कमी नाही. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवून इंग्रजीत करायला माझा अख्खा दिवस जायचा. व्हायवात ‘फक्त बाराच?’ हे ऐकावं लागतंच. नवव्या दुकानानंतर नवं काही येईना, हे मी नोंदवून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

हातात महिनाच उरला असेल किंवा गाईड आकड्यांशिवाय बोलतच नसतील, तर फॉर्म करा, त्यात कमीपणा नाही. फक्त तो दुकानदारासमोर उभं राहून भरून घ्या. पण दोन-तीन महिने असतील तर मी पायरीच चढेन. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना जा, रेकॉर्डिंगची परवानगी आधी घ्या आणि फोन त्या डब्यापासून लांब ठेवा. माझ्या तिसऱ्या मुलाखतीतलं नेमकं हवं ते वाक्य ‘चाळीस रुपये प्राप्त हुए’च्या खाली गाडलं गेलंय.