पैसे परत मिळाले, भरपाई मागून घ्यावी लागली: सोलापुरातील एका बँक शाखेचा अनुभव

सोलापुरातील एका बँकेच्या शाखेत माझे बचत खाते गेली अकरा वर्षे आहे. शाखेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार कोणा एका कर्मचाऱ्याबद्दल नसून तेथील एका सवयीबद्दल आहे.

6 जानेवारीला सात रस्त्याजवळच्या, दुसऱ्याच एका बँकेच्या एटीएममधून मी 10,000 रुपये काढायला गेलो. यंत्राने नोटा मोजल्याचा आवाज केला, नोटा मात्र बाहेर आल्या नाहीत, आणि मी तिथून निघण्यापूर्वीच रक्कम खात्यातून वजा झाल्याचा संदेश मोबाइलवर आला. दुसऱ्या दिवशी शाखेत गेलो तेव्हा खिडकीवरच्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितले, “काका, एटीएम ज्या बँकेचं आहे तिकडे जा.” हे उत्तर चुकीचे आहे. ज्या बँकेने कार्ड दिले तिनेच तक्रार घ्यायची असते. यंत्रात जादा उरलेली रोकड आणि यंत्रातील नोंद ताडून पाहण्याचे काम त्यानंतर दोन्ही बँकांनी आपापसांत करायचे असते. एवढे समजावल्यावर अर्ज घेतला गेला, पण पोचेचा शिक्का सापडेपर्यंत वीस मिनिटे गेली.

त्या वीस मिनिटांत जे पाहिले तेही सांगायला हवे. शेजारच्या खिडकीवर पूर्व भागातून आलेल्या एका विडी कामगार आजींना तेथील तरुण कर्मचारी पैसे काढण्याची स्लिप तेलुगूत समजावून देत होती, त्यांचा अंगठा व्यवस्थित घेत होती आणि रक्कम दोनदा मोजून हातात देत होती. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच रांगेत बोलल्या जाणाऱ्या या शहरात अशी व्यक्ती खिडकीवर असणे ही मोठी सोय आहे, आणि ती या शाखेत आहे.

माझे पैसे 23 जानेवारीला परत जमा झाले. मध्यंतरी दोनदा चौकशी केली तेव्हा, सिद्धेश्वर यात्रेमुळे कर्मचारी कमी आहेत, शिवाय मध्ये सुट्ट्या आल्या, असे कारण मिळाले. गड्ड्याच्या, म्हणजे या यात्रेतल्या जत्रेच्या, दिवसांत निम्मे शहर होम मैदानावर असते हे कोणताही सोलापूरकर मान्य करील. मीही एक संध्याकाळ तिथेच होतो. परंतु रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. खात्यातून रक्कम वजा होऊन एटीएममधून नोटा मिळाल्या नाहीत, तर व्यवहाराच्या तारखेपासून पाच दिवसांच्या आत ती परत जमा व्हायला हवी, हे दिवस कॅलेंडरचे धरायचे, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता खात्यात टाकायची, असा हा नियम आहे. माझी मुदत 11 जानेवारीला संपली होती. उशीर 12 दिवसांचा झाला, म्हणजे 1,200 रुपये माझे होते, आणि ते आपणहून आले नाहीत.

शाखा व्यवस्थापकांना विचारले असता त्यांनी नियम नाकारला नाही, परंतु “ते वरून येतं” एवढेच सांगितले. मी पुन्हा लेखी अर्ज दिला. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करीन, असे त्यात शेवटी लिहिले. ही वाट 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेने बरीच सोपी केली आहे. तक्रार ऑनलाइन करता येते आणि माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. मला तिथवर जावे लागले नाही. आठवडाभरात 1,200 रुपये जमा झाले.

शाखेला मी पाचपैकी अडीच गुण देतो. रोकड खिडकीचे काम नीट आहे, बसायला बाकडी आहेत, पासबुक छापण्याचे यंत्र बहुधा चालू असते. गुण कापले ते भरपाईसाठी. जी रक्कम न मागता द्यायची, ती नियम माहीत असलेल्या आणि दोनदा अर्ज लिहिण्याइतकी सवड असलेल्या माणसालाच मिळत असेल, तर रोजंदारी बुडवून रांगेत उभ्या राहणाऱ्यांना ती कधी मिळायची? एटीएमची स्लिप जपून ठेवावी, आणि स्लिप आली नाही तर यंत्राचा क्रमांक, वेळ व संदेश यांचा फोटो काढावा; माझा अर्ज टिकला तो त्यामुळेच.

1,200 रुपयांची नोंद पासबुकात छापून घेतली तेव्हा तिच्यापुढे फक्त चार इंग्रजी आद्याक्षरे आणि एक लांबलचक आकडा होता. ही रक्कम कशाची, असे मी सहज विचारले. तेलुगू बोलणाऱ्या त्या कर्मचारी ताईंनी पासबुक जवळ घेऊन दोनदा वाचले आणि म्हणाल्या, “व्याज असेल, काका.”