ओकावांगो की मसाई मारा?

आफ्रिकेतल्या आडरानातल्या आलिशान कॅम्पसाठी पैसे साठवले असतील, तर माझं मत बोत्सवानातल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाला. अंगोलाच्या डोंगरांतला पाऊस महिनोन्‌महिने वाहत इथे पोचतो आणि ऐन कोरड्या जून-ऑगस्टमध्ये पूर चढतो. ही नदी समुद्राला मिळतच नाही, कालाहारीच्या वाळूत पसरते. मोकोरो या अरुंद होडीत नावाडी मागे उभा राहून काठीने रेटा देतो. इंजिन नाही, त्यामुळे हत्ती लव्हाळी उपटतो तो आवाजसुद्धा ऐकू येतो. बहुतेक कॅम्पना माउन या गावाहून छोट्या विमानानेच जावं लागतं. सामान मऊ पिशवीत, साधारण २० किलोच.

केनियातलं मसाई मारा अभयारण्य आपल्याला सोपं. मुंबईहून नैरोबीला थेट विमान, पुढे रस्ताही आहे. साधारण जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप मारा नदी ओलांडतात, पण काठावर गाड्यांची झुंबड असते. म्हणून मारा ठरवलंत तर शेजारच्या, मसाई कुटुंबांच्या जमिनीवरच्या कॉन्झर्व्हन्सीतच, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेल्या खासगी क्षेत्रातच राहा. गाड्या मोजक्या, रात्रीची सफारी मिळते आणि जमिनीचं भाडं त्या कुटुंबांना जातं. लहान मुलं सोबत असतील तर हेच बरं. ओकावांगोत अनेक कॅम्पना कुंपण नसतं आणि वयाची अट असते.