पॅरालाइव्ह्ज : घर देखणे आहे, त्यात माणसे नांदतील का?

माँट्रियलच्या अलेक्स मासे यांनी जून 2019 मध्ये ‘पॅरालाइव्ह्ज’ या लाइफ सिमची, म्हणजे आभासी माणसांचे घर आणि रोजचे आयुष्य चालवण्याच्या संगणक-गेमची, घोषणा केली, तेव्हा या गेमवर ते एकटेच काम करत होते. पुढे पेट्रिऑन या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर चाहत्यांनी महिन्याच्या महिन्याला दिलेल्या पैशांवर एक लहानसा चमू उभा राहिला आणि या चमूने आपले काम व्हिडिओंमधून टप्प्याटप्प्याने लोकांसमोर ठेवले. अर्ली अ‍ॅक्सेसची, म्हणजे पूर्ण होण्याआधीच गेम विक्रीला खुला करण्याची, तारीख आधी 8 डिसेंबर 2025 होती. ती जेमतेम काही आठवड्यांवर आलेली असताना 25 मे 2026 वर ढकलण्यात आली. गेम हाती येण्याआधी त्याबद्दल अंतिम मत देणे योग्य नव्हे, हे मान्य. पण आतापर्यंत जे दाखवले गेले आहे ते इतके भरपूर आहे की त्याची पारख आजही करता येते. माझे मत असे की घर बांधण्याच्या बाबतीत हा गेम या प्रकारातल्या सगळ्यांच्या पुढे जाईल. त्याचे खरे यश मात्र त्या घरातली माणसे एकमेकांशी कशी वागतात यावर ठरेल.

आधी घराविषयी, कारण तिथे दाखवण्यासारखे पुष्कळ आहे. याच प्रकारच्या ‘द सिम्स’ या जुन्या गेम-मालिकेत 2000 सालापासून भिंती चौकटींच्या जाळ्यावर उभ्या राहत आल्या आहेत. भिंत सरळ जाते किंवा तिरपी जाते, खिडकी चौकटीच्या मापात बसते आणि खाट हवी त्या कोनात ठेवायची तर निरनिराळ्या युक्त्या कराव्या लागतात. पॅरालाइव्ह्जमध्ये हे जाळे हवे तर वापरायचे, नको असेल तर सोडून द्यायचे. भिंत ओढून तिला बाक देता येतो आणि गोलाकार खोली तयार होते. खिडकीची कड धरून ओढली की ती रुंद होते, आणि विशेष म्हणजे ती रुंद होताना तावदानांची संख्या वाढते, चित्र नुसते ताणले जात नाही. टेबल, कपाट, सोफा यांनाही असेच लहानमोठे करता येते. रंगांच्या बाबतीत ‘द सिम्स 3’ने 2009 मध्ये कोणत्याही वस्तूला कोणताही रंग आणि कोणतेही नक्षीकाम देण्याची सोय दिली होती, ‘द सिम्स 4’ने ती काढून टाकली आणि ठरावीक तयार रंगांवर भागवले. ती मुभा इथे परत येत आहे. ज्यांनी हिरव्या भिंतीशी जुळणारा हिरवा पडदा शोधण्यात संध्याकाळ घालवली आहे, त्यांना या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते पात्रांच्या उंचीचे वैशिष्ट्य. वरवर पाहता ती चेहरा-शरीर घडवण्याच्या पडद्यावरची आणखी एक सरकपट्टी आहे. परंतु ‘द सिम्स 4’मध्ये सर्व प्रौढ पात्रे एकाच उंचीची आहेत आणि किशोरवयीन मुलेही जवळपास तेवढीच उंच दिसतात, यामागे कारण आहे. दोन शरीरे जिथे एकमेकांना स्पर्श करतात, म्हणजे मिठी, हस्तांदोलन, खांद्यावर ठेवलेला हात, तिथे प्रत्येक हालचाल दोन ठरावीक मापांच्या सांगाड्यांसाठी तयार केलेली असते. एक पात्र वीतभर उंच झाले की त्याचा हात समोरच्याच्या खांद्याऐवजी डोक्यातून आरपार जातो. उंची मोकळी सोडायची, तर हात कुठे टेकायला हवा हे गेमला त्या क्षणी मोजावे लागते आणि कोपर, कंबर, मान त्याप्रमाणे वळवावी लागते. हे काम किचकट आहे, म्हणूनच मोठ्या कंपन्यांनीही ते टाळले. पॅरालाइव्ह्जच्या दाखवलेल्या प्रसंगांत उंच पात्र वाकते आणि ठेंगणे पात्र टाचा उंचावते. एवढ्याशा फरकाने ती दोघे दोन निराळी माणसे वाटतात. एका कुटुंबातल्या माणसांच्या बांध्यात फरक असणे ही आयुष्यातली अगदी साधी गोष्ट आहे, आणि ती या प्रकारच्या गेममध्ये यायला इतकी वर्षे लागावीत याचे वाईट वाटते.

गावाची रचनाही मोकळी आहे. पात्र घरातून निघून रस्त्याने चालत उद्यानात किंवा दुकानात जाते आणि मध्ये लोडिंग स्क्रीन, म्हणजे पुढचा भाग उघडेपर्यंत थांबायला लावणारा पडदा, येत नाही. ‘द सिम्स 3’मध्ये हे होते, पण संपूर्ण गावातल्या सगळ्यांचे आयुष्य एकाच वेळी चालवण्याच्या ओझ्याखाली तो गेम पुढेपुढे संथ होत जाई. ‘द सिम्स 4’ने त्यावर उपाय म्हणून जगाचे तुकडे केले, आणि शेजाऱ्याचे दार ठोठावून आत जायचे तरी थांबावे लागू लागले. लहान चमूचा गेम हे ओझे कसे पेलतो, हे साध्या संगणकावर दोन-तीन पिढ्या खेळून झाल्याशिवाय कळणार नाही. व्हिडिओंवरून याचा अंदाज बांधता येत नाही.

आता माणसांकडे येऊ. मूळ ‘द सिम्स’मध्ये त्याचे निर्माते विल राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अत्यंत चतुर कल्पना वापरली होती. त्यात बुद्धी पात्रापेक्षा वस्तूंमध्ये अधिक होती. फ्रिज सतत आसपास जाहीर करत असतो की आपण इतकी भूक भागवू शकतो. खाट जाहीर करते की आपण इतका थकवा घालवू शकतो. पात्राच्या गरजा जशा कमीजास्त होतात तसे ते त्यांतली सर्वांत फायद्याची हाक निवडते आणि तिकडे चालू लागते. एवढ्यावर पात्र जिवंत असल्याचा भास होतो आणि नवी वस्तू आणून ठेवली की त्याचे वागणेही आपोआप बदलते. पुढच्या पंचवीस वर्षांत आलेले बहुतेक लाइफ सिम या ना त्या रूपात याच पायावर उभे आहेत. या पद्धतीची मर्यादाही तिच्या रचनेतच आहे. गरजेला कालचा दिवस नसतो. सकाळी कडाक्याचे भांडण झालेली दोन पात्रे दुपारी भुकेच्या हाकेने एकाच टेबलावर येतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारू लागतात.

म्हणून या प्रकारात खरी नवी गोष्ट कोणती, असे कुणी विचारले तर माझे उत्तर स्मृती हे आहे. 2004 च्या ‘द सिम्स 2’मध्ये पात्रांना आठवणी होत्या, इच्छा होत्या, भीती होती. दहा वर्षांनी आलेल्या ‘द सिम्स 4’मध्ये यांतले बरेचसे गायब झाले, आणि मग ते तुकड्यातुकड्याने परत येत राहिले. एकमेकांविषयी दीर्घकाळ टिकणाऱ्या भावना नोव्हेंबर 2020 मध्ये आल्या, इच्छा आणि भीती जुलै 2022 मध्ये आल्या. गेम बाजारात आला तेव्हा त्यात रांगती-चालती लहान मुलेदेखील नव्हती. ती जानेवारी 2017 मध्ये आली. या तारखा मी मुद्दाम देत आहे, कारण ‘नंतर भर घालू’ या आश्वासनाची किंमत त्यांतून कळते. पाळण्यातले बाळ एका झटक्यात शाळकरी मूल होत असे, आणि ज्यांना कुटुंबकथा रंगवायच्या होत्या त्यांच्या कथेतली मधली काही वर्षे कोरीच राहत असत.

पॅरालाइव्ह्जच्या पात्रांना गरजा, इच्छा, कौशल्ये आणि स्वभाव आहेत, बालपणापासून म्हातारपणापर्यंतचे टप्पे आहेत, हे दाखवण्यात आले आहे. ते स्वागतार्ह आहे. परंतु गुणांची यादी म्हणजे वागणे नव्हे. एखाद्या पात्राच्या स्वभावात ‘तापट’ असे लिहिलेले असणे आणि ते तापट आहे हे घरातल्या इतरांना ठाऊक असल्यासारखे त्यांनी वागणे, या दोहोंमध्ये फार मोठे अंतर आहे. हे अंतर कापले गेल्याचे निर्विवादपणे पटवणारा प्रसंग माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही. तारीख पुढे ढकलताना चमूने स्वतः जी कारणे दिली त्यांत चाचणी घेणाऱ्यांना आढळलेले दोष होते आणि लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे पात्रांचे आयुष्य खेळण्याच्या भागात, करण्यासारखे अधिक काही हवे ही गरजही होती. ही कबुली मला प्रामाणिक वाटते. ती नेमकी दुखऱ्या जागेवर बोटही ठेवते. घर बांधण्याची साधने तयार आहेत, जगण्याचा भाग अजून भरायचा आहे.

शेजारी काय चालले आहे हेही पाहायला हवे. क्राफ्टन या कोरियन कंपनीचा ‘इनझॉय’ 28 मार्च 2025 रोजी अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि पहिल्या आठवड्यात त्याच्या दहा लाख प्रती विकल्या गेल्या. अनरिअल इंजिन 5 या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर उभे केलेले त्याचे जग थक्क करणारे आहे: केसांची बट, कापडाचा पोत, ओल्या रस्त्यावरचे प्रतिबिंब, सगळे अप्रतिम. त्यात पात्रांना विचार करायला लावणारी एक सोयही आहे. एनव्हिडिया या चिप कंपनीच्या तंत्रज्ञानावर चालणारे लहान भाषा-प्रारूप (वाक्ये रचणारी एआय प्रणाली) पात्राच्या मनात काय चालले आहे ते वाक्यांत मांडते आणि त्यानुसार त्याची दिनचर्या बदलते. कल्पना उत्तम आहे. तरीही सुरुवातीच्या काळात खेळणाऱ्यांची मुख्य तक्रार हीच होती की शहर सुंदर असले तरी त्यात करण्यासारखे लवकर संपते. दुसरीकडे ‘लाइफ बाय यू’ची गोष्ट अधिक दुःखद आहे. एकेकाळी सिम्स मालिकेची धुरा वाहिलेले रॉड हंबल या प्रकल्पाचे प्रमुख होते, आणि मागे पॅराडॉक्ससारखी अनुभवी प्रकाशक कंपनी होती. जून 2024 मध्ये तो गेम बाजारात येण्याआधीच रद्द झाला आणि स्टुडिओही बंद पडला. पैसा, अनुभव, देखणेपणा यांपैकी काहीही या प्रकारात यशाची हमी देत नाही, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर पॅरालाइव्ह्जचे सर्वांत धाडसी वैशिष्ट्य मला त्याच्या विक्रीच्या पद्धतीत दिसते. पुढची सर्व भर मोफत असेल, पैसे घेऊन विकले जाणारे एक्सपान्शन पॅक नसतील, असे चमूने जाहीर केले आहे. सिम्स मालिकेत पाळीव प्राणी 2002 मध्ये विकत घ्यावे लागले, मग 2006 मध्ये, मग 2011 मध्ये, मग 2017 मध्ये. मालिकेच्या प्रत्येक पिढीत खेळणाऱ्याने त्याच कुत्र्यासाठी नव्याने पैसे मोजले. ‘द सिम्स 4’चा मूळ गेम ऑक्टोबर 2022 पासून मोफत आहे, पण त्याच्या सगळ्या पॅकची बेरीज केली तर ती एखाद्या गेमच्या किमतीच्या कितीतरी पट भरते. त्या पार्श्वभूमीवर पॅरालाइव्ह्जमध्ये पाळीव प्राणी आणि मोटारी मोफत अपडेटमधून येणार, हे ऐकून बरे वाटते. मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये घातलेली भर, बनवणाऱ्यांसाठी साधने आणि अशी भर वाटून घेण्याच्या स्टीम वर्कशॉप या ऑनलाइन सोयीचा आधारही असणार आहे, त्यामुळे फर्निचर आणि कपड्यांची उणीव चाहतेच भरून काढतील यात मला शंका नाही.

मात्र या वचनाची दुसरी बाजूही खरेदी करणाऱ्याने ध्यानात घ्यावी. पॅक विकायचे नसतील तर उत्पन्न नव्या खेळणाऱ्यांकडूनच येणार, आणि नवे खेळणारे पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक येतात. म्हणजे सुरुवात फिकी झाली, तर पुढच्या मोफत अपडेटसाठी लागणारा पैसाच आटण्याचा धोका आहे. तारीख पाच महिन्यांहून अधिक पुढे नेण्याचा निर्णय या दृष्टीने मला शहाणपणाचा वाटतो, जरी ज्यांनी वर्षानुवर्षे दरमहा पैसे दिले त्यांचा हिरमोड झाला असेल.

घरे बांधण्यात, सजवण्यात, पात्रे घडवण्यात ज्यांचा जीव रमतो, त्यांनी हा गेम पहिल्या दिवशी घ्यायला काहीच हरकत नाही. त्यांच्यासाठी इतके मोकळे साधन दुसरे कुठलेही नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चालणारी कुटुंबे, नात्यांतले ताण, शेजारपाजार असे सगळे हवे आहे, त्यांनी दोन-तीन मोठी अपडेट येईपर्यंत थांबावे. मी स्वतः आधी एक साधी चाचणी करणार आहे. एका घरात चार पात्रे ठेवायची, त्यांतल्या दोघांत कडाक्याचे भांडण लावायचे आणि नंतर कोणतीही आज्ञा न देता गेममधला आठवडा पुढे जाऊ द्यायचा. त्या दोघांनी एकमेकांना टाळले, उरलेल्यांपैकी एकाने मध्यस्थी केली किंवा कुणाची तरी बाजू घेतली, आणि समेट झाल्यावरही वागण्यात थोडा संकोच उरला, तर बाकीचे कितीही बग असले तरी मी हा गेम बिनदिक्कत सुचवीन.